पाचशे नव्वद गाठी

थाळी पाण्यात गेली की वल्हं वर घेऊन गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण वहिनीला ते होडी वल्हवण्यापेक्षा जड जात होतं. वल्हवताना निदान हात गुंतलेले असतात. गप्प बसलं की डोळे फिरतात आणि मनात नको ते येतं.

थाळी म्हणजे जेवायची नव्हे. ताटाएवढी पत्र्याची चकती होती, दोन भाग काळे, दोन पांढरे. मधल्या भोकातून दोरी आणि दोरीवर ठरावीक अंतराने लाल खुणा. कचेरीतून आलेली ती मुलगी होडीच्या काठावर पोट टेकून वाकायची, थाळी हळूहळू खाली सोडायची आणि पांढरं दिसेनासं झालं की दोरी चिमटीत धरून खूण वाचायची. पहिल्याच दिवशी वस्तीने तिचं नाव थाळीवाली ठेवलं. तिच्या कानावर ते गेलं होतं, पण तिने राग धरला नाही. वहिनीला त्याचाही संशय आला. इतकं गोड घेणारं माणूस पोटात काय ठेवून असेल?

"किती?" वहिनीने विचारलं.

"ऐंशी सेंटीमीटर."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"आजच कसं सांगू, वहिनी? अजून तेवीस जागा राहिल्यात."

"मग ऐंशी म्हणजे नुसतं ऐंशीच?"

"नुसतं ऐंशीच," थाळीवाली हसली आणि वहीत लिहू लागली. लिहिताना तिने वहीवर डावा हात आडवा धरला. उन्हासाठी धरला असेल. परीक्षेत मुलं शेजारच्यापासून लपवायला धरतात, तसाही धरला असेल.

धरणात एकशेवीस पिंजरे होते. निळ्या पिंपांवर तरंगणारी लोखंडी चौकट, चौकटीला खाली सोडलेलं खोलीएवढं जाळं आणि जाळ्यात मासे. दर पिंजऱ्याला परवाना, परवान्याला नंबर. गेल्या उन्हाळ्यात दोनदा मासे मरून उताणे तरंगले, खालच्या अंगाच्या गावांनी पाण्याला वास येतो म्हणून अर्ज केले, आणि हे पाणी नक्की किती पिंजरे पेलतं ते एकदा मोजायचंच, असं कचेरीने ठरवलं. जो आकडा येईल तेवढे पिंजरे राहणार. बाकीचे निघणार, शेवटच्या नंबरापासून.

वहिनीच्या घरचे पिंजरे चार होते. एकशेसतरा, अठरा, एकोणीस आणि वीस.

होडी खरं तर नवऱ्याची. पण पंधरा दिवसांपूर्वी एकशेअठराचं जाळं ओढताना त्याचा खांदा निखळला. वहिनी त्या वेळी धक्क्यावर होती. त्याचा पांढराफटक चेहरा बघून तिने घरात धाव घेतली, जुन्या लुगड्याचा तुकडा फाडला, हाताला लागला तो दोरा दातांनी तोडून आठपदरी केला आणि हात गळ्यात बांधला. हाडवैद्याने खांदा बसवला, पण महिनाभर हात हलवायचा नाही, असं बजावलं. तेव्हापासून नवरा दारात बसून मान खाजवायचा आणि दिसेल त्याला शिव्या घालायचा.

थाळीवालीसाठी वहिनीची होडी चेअरमननेच ठरवली होती. चेअरमन म्हणजे नवऱ्याचा चुलतभाऊ. सोसायटी त्याने काढलेली, एक ते वीस नंबर त्याचे.

"माझीच होडी का, भाऊजी?" वहिनीने विचारलं होतं.

"घरचं माणूस म्हणून. ती काय लिहिते, कुठे जास्त वेळ थांबते, कुणाशी बोलते, रोज संध्याकाळी मला सांगायचं."

थाळीवाली यायच्या आधी त्याने सोसायटीच्या पत्र्याखाली सगळ्यांना बसवलं होतं. "सगळ्यांचं तोंड एक पाहिजे," तो म्हणाला होता. "पिंजऱ्याला पंचवीसशे मासे आणि हंगामाला पंचाहत्तर पोती खाद्य. नियमात आहे तेच सांगायचं. खाद्य कमी म्हणजे घाण कमी. घाण कमी दिसली तर ती पिंजरे कशाला काढेल?"

ते सगळ्यांना पटलं. वहिनीलाही पटलं. प्रत्येक जण पंचवीसशेच्या जागी पाच हजार सोडत होता, आणि शेजारचा किती सोडतो हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. पोतीही प्रत्येक जण वेगवेगळ्या गावातून, बिलाशिवाय आणायचा. ते न विचारणं हीच तिथली रीत होती.

*

दुसऱ्या दिवशी थाळीवालीने पितळी वजनाची बाटली काढली. दोन्ही तोंडं उघडी असलेली लांबट बाटली ती दोरीने खोल सोडायची आणि वरून दोरीवर वजन घसरवायची. वजन सरसरत खाली जायचं, तळाशी कुठेतरी खट्ट व्हायचं आणि बाटलीची तोंडं मिटायची.

"असं का?"

"दहा मीटरवरचं पाणी दहा मीटरवरच पकडलं पाहिजे. वर आणताना वरचं मिसळलं तर ते खोटं होतं."

पाण्यालासुद्धा बेसावध पकडते ही, वहिनीच्या मनात आलं. माणसाचं काय घेऊन बसलात.

खोलातलं पाणी बाटलीतून निघालं तेव्हा त्याला सडक्या अंड्यांचा वास होता. थाळीवालीने वास घेतला, मान डोलावली, लिहिलं. नंतर वही मिटून सहज विचारावं तसं तिने विचारलं, "तुमच्या पिंजऱ्याला पोती किती लागतात हो?"

"पंचाहत्तर."

"बरं."

"का?"

"काही नाही. आतापर्यंत एक्केचाळीस जणांना विचारलं. सगळ्यांची पंचाहत्तर. एकाचंही शहात्तरावं पोतं फुटलेलं नाही."

वहिनीने वल्हं पाण्यात घातलं ते जरा जोरातच. थाळीवालीच्या वहीवर पाणी उडालं. "लागलं का?" वहिनीने विचारलं. "नाही," ती म्हणाली आणि ओढणीने एकेक अक्षर टिपून घेतलं.

दुपारी ऊन इतकं चढलं की लोखंडी चौकटींना हात लावता येईना. थाळीवालीचं नाक भाजून लाल झालं होतं. पाणी विचारल्यावाचून तिला धक्क्यावर उभं ठेवणं बरं दिसेना, म्हणून वहिनीने तिला घरी नेलं. दाराशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

घरात पोत्यांशिवाय होतं काय? दारावरची सावली पोत्यांची. न्हाणीचा आडोसा पोत्यांचा. पाय पुसायला पोतं, लाकडांवर पोतं, आणि सासूबाई बसल्या होत्या ती सतरंजी उकललेल्या पोत्यांची. प्रत्येकावर निळ्या शाईत उडी मारणारा तोच मासा. जिकडे बघावं तिकडे मासे उड्या मारत होते.

थाळीवाली सासूबाईंच्या शेजारी टेकली. "आजी, किती बारीक टाका आहे!"

"हा तर काहीच नाही," सासूबाई खुलल्या. "नऊ पोत्यांची आहे ही. आत अजून दोन आहेत, सोळा-सोळाच्या. आमच्याकडे पोत्यांना काय तोटा..."

"आई, पाणी आण," नवरा म्हणाला.

"पाणी तिच्या हातात आहे की."

"मग चहा आण."

"मी उठू? गुडघे तुझे की माझे?"

थाळीवाली चहा पिताना वर बघत होती, सावलीच्या जोडांकडे. तिचे ओठ किंचित हलत होते. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने वहिनीकडे. कपात चहा उरला होता तरी ती उठली, "येते हं" म्हणून गेली.

ती वळणाआड होते न होते तोच नवऱ्याने एका हाताने सावली ओढून काढली. काठ्या खाली आल्या. त्याने न्हाणीचा आडोसा काढला, लाकडं उघडी केली. "खड्डा कर मागे," तो वहिनीला म्हणाला. "तूच आणलीस ना तिला घरात? मग तूच खण."

"आणि न्हायचं कुठे?"

"नाही न्हालं महिनाभर तर कुणी मरत नाही. आई, ऊठ."

"मी नाही उठणार."

"ऊठ म्हटलं ना!"

त्याने टोक धरून सतरंजी ओढली. सासूबाई कलंडल्या आणि हात टेकून उघड्या जमिनीवर बसल्या. त्यांनी लुगडं सारखं केलं. कुणाकडे न बघता म्हणाल्या, "सोळा-सोळाच्या दोन आहेत त्याही घेऊन जा. पेटीत आहेत. तुझ्या बापाने कधी माझ्या अंगाखालचं काढून घेतलं नव्हतं."

वहिनीने खड्डा खणला. जमीन कोरडी, वरच्या हातभर मातीत कुदळ उसळायची. तिने पोती घड्या घालून भरली, वर माती लोटली, पायांनी दाबली. नवरा उभा राहून बघत होता. मान खाजवत म्हणाला, "ह्या दोऱ्याच्या गाठी रुततात. काय बांधलंयस कोण जाणे."

"हात बरा झाला की सोडा. तोवर रुतू दे."

एक गोष्ट मात्र घरात राहिली. कोनाड्यात पांढऱ्या दोऱ्याचा कलिंगडाएवढा गुंडा होता. पोत्याचं तोंड दोऱ्याने शिवलेलं असतं. बरोबर टोक हाती आलं तर एका ओढीत सर्रकन सगळा दोरा निघतो, चुकीचं ओढलं तर अडकून बसतो. वहिनीला ते टोक न बघता सापडायचं. निघालेला दोरा ती आदल्या दोऱ्याला गाठ मारून जोडायची आणि गुंड्यावर गुंडाळायची. एक पोतं, एक दोरा, एक गाठ. हंगामाच्या शेवटी त्याला पीळ देऊन ती नवं जाळं विणायची, म्हणून एरवी त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. गुंड्यावर निळा मासा नव्हता. त्याला पोतं म्हणून कुणी ओळखलं नाही.

*

चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं, पण वारा पडलेला. अशा सकाळी पाण्याची काय गत होते ते पिंजरेवाल्यांना ठाऊक असतं. वहिनी थाळीवालीला घेऊन एकशेसतराशी पोचली तेव्हा मासे वर आले होते. हजारो तोंडं पाण्याच्या कातडीला लागून उघडमीट करत होती. पप्-पप्-पप् असा आवाज सगळीकडून येत होता, जणू कुणी ओल्या कपड्यावर बोटं आपटतंय.

थाळीवालीने पाण्यातली हवा मोजायची, तारेच्या टोकाची नळी पाण्यात सोडली. हातातल्या डबीवरचा आकडा उतरत उतरत दीडवर थांबला.

"किती पाहिजे?"

"निदान चार." ती पहिल्यांदाच उत्तर देऊन मोकळी झाली. तिने वहीवर हात धरला नव्हता. "वहिनी, खाद्य टाकू नका आज. खाऊन त्यांना आणखी श्वास लागेल."

"ते आम्हाला कळतं," वहिनी म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. ती चौकटीवर उतरली, गुडघे टेकले आणि रिकाम्या बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतायला लागली. उचल, ओत. पाण्यात हवा मिसळते तेवढीच. पलीकडच्या पिंजऱ्यांवरही तेच चाललं होतं. बायका-पुरुष ओणवे होऊन बादल्या ओतत होते. थाळीवाली थोडा वेळ बघत राहिली. मग तिने दप्तर होडीत ठेवलं, सँडल काढले आणि दुसरी बादली घेतली. तासाभराने वारा सुटला तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते.

एकशेविसात मेलेले मासे गोळा करताना तिने विचारलं, "वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत ना हे?"

वहिनीने आणखी एक मेलेला मासा बादलीत टाकला. बादल्यासुद्धा ह्याच्यासाठीच ओतल्या असतील, तिला वाटलं.

त्यानंतर थाळीवाली दीड दिवस विश्रामगृहात बाटल्या तपासत बसली. सहाव्या दिवशी सकाळी ती होडीत आली ती उतरलेल्या चेहऱ्याने.

"आकडा आला?" वहिनीने विचारलं.

"कच्चा आलाय. उद्या कचेरीत द्यायचा. मी हे तुम्हाला सांगायला नको."

"मग नका सांगू."

दहा-बारा वल्ही मारून झाली.

"साठ," थाळीवाली म्हणाली.

वहिनीने वल्हवणं थांबवलं नाही. हात आपोआप चालत राहिले.

"निम्मे?"

"असं बघा. एखाद्या गाडीवर किती पोती आहेत ते झाकलेलं आहे, पण आस वाकलेला मला दिसतोय. गाडीवाला म्हणतो, दहाच पोती आहेत. मग मी काय म्हणणार? गाडीच कच्ची, हिच्यावर पाचच घाला. ह्या पाण्याचा आस वाकलाय, वहिनी. तुम्ही सगळे म्हणता पंचाहत्तरच पोती. पंचाहत्तर पोत्यांना पाणी एवढं वाकत असेल, तर पाणीच कच्चं. निम्मे पिंजरे काढा, असंच लिहावं लागतं."

"आणि पोती जास्त असली तर?"

"तर गाडी पक्की आहे. ओझं उतरवायचं, पण पिंजरे तेच ठेवून मासे नियमाइतके सोडायचे. जवळजवळ सगळे राहतील. पण मला कुणी खरं सांगेल तर ना. खाद्यवाल्यांनीही बिलं दाखवली नाहीत."

वहिनीने होडी वळवली. "मला घरी जायचंय," ती म्हणाली. "दुपारी येते. धक्क्यावर थांबा."

*

चेअरमन धक्क्याजवळच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. वहिनी समोर उभी राहिली.

"भाऊजी, आकडा साठ येतोय."

त्याने पानाचा तुकडा दाढेखालून दुसऱ्या गालात सरकवला. दचकला नाही. वहिनीने त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं होतं. तो अजिबात दचकला नाही.

"साठ काय वाईट आहे? मला वाटलं चाळीस येईल."

"आमचे चारही जातात."

"जातात खरे."

"पंचाहत्तर सांगितलं म्हणून साठ येतोय. खरं सांगितलं असतं तर..."

"हळू." तो हसला. "तुला हे तिने शिकवलं का? कचेरीची माणसं अशीच गोड बोलून कबूल करून घेतात आणि मग परवानाच रद्द करतात. आणि हे बघ, मी काही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. माझ्या विसांना राखणदार लागतोच. त्याचा खांदा बरा झाला की ये म्हणावं. तूही ये, जाळी धुवायला. घरचीच माणसं ना आपण."

वहिनी घरी आली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "दादा असं करणार नाही."

"त्याचे एक ते वीस आहेत. साठ आला काय नि चाळीस आला काय, त्याचं काय जातंय?"

"तुझ्या डोक्यात त्या पोरीने भरवलंय. सहा दिवस तिच्याबरोबर होडीत बसतेस. दादाने सांगितलं होतं तिच्यावर नजर ठेव म्हणून, आणि तू तिचंच पाणी प्यायलीस."

"आणि तिचं म्हणणं खरं असलं तर?"

"खरं असलं तरी आपण बोलायचं नाही. वस्ती उभं करणार नाही आपल्याला." त्याने तोंड फिरवलं. "दादा राखणदार म्हणून घेईल म्हणाला ना? मग झालं तर."

सासूबाई उघड्या जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्या वयात ह्याला दुसऱ्याच्या पिंजऱ्यावर बसवा. माझं बूड तर जमिनीवर आणलंच आहे."

वहिनीने कोनाड्यातला गुंडा काढला, पदराखाली घेतला आणि बाहेर पडली. नवऱ्याने पाहिलं की नाही, तिला कळलं नाही.

*

होडी तिने थेट वरच्या अंगाला नेली, जिथे पिंजरे नव्हते आणि काठावर बाभळींशिवाय बघणारं कुणी नव्हतं. तिथे तिने वल्हं आत घेतलं आणि गुंडा थाळीवालीच्या पुढ्यात ठेवला.

"हे काय?"

"पोत्यांचे दोरे. चार पिंजऱ्यांचे. ह्या हंगामाचं शेवटचं पोतं काल फोडलं. एका पोत्याची एक गाठ."

थाळीवालीने गुंडा हातात घेतला. फोडांवर चिकटपट्ट्या होत्या. ती गुंडा फिरवून गाठी चाचपत राहिली, तेव्हा वहिनीनेच विचारलं, "ह्यात आमचं नाव येईल?"

"नाव नाही. 'एका पिंजरेवाल्याकडच्या नोंदीवरून' असं लिहीन. पण हा गुंडा मला न्यावा लागेल. कुणी विचारलं तर दाखवायला पाहिजे."

"आणि जास्त मासे सोडले म्हणून दंड?"

"मी मागणार नाही. कचेरीचं मी शपथेवर सांगू शकत नाही."

निदान खोटा शब्द तरी देत नाही, वहिनीने मनात म्हटलं.

"सगळा आहे ना हा?" थाळीवालीने विचारलं. "मध्ये कुठे तोडलाय का?"

वहिनीला ते झोंबलं. एवढं काढून दिलं तरी हिला मी खोटीच वाटते. "एक हातसुद्धा तोडलेला नाही," ती म्हणाली. "जाळ्याचा दोरा आहे तो. त्याला मी कुणाला शिवू देत नाही."

मग मोजणी सुरू झाली. वहिनीने दोरा उलगडून बोटांतून सोडायचा, गाठ आली की "हं" म्हणायचं आणि मोकळा दोरा दुसऱ्या गुंड्यावर घ्यायचा. थाळीवाली वहीत रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. अशी एकेक जुडी. ऊन कलत गेलं. वहिनीची चिमटी दोऱ्याने कापत आली. कुठल्या गाठीला कोणता दिवस होता ते तिला आठवत होतं: बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली त्या आठवड्याच्या सैल गाठी, पाण्याला वास मारू लागला तेव्हाच्या घाईच्या. शेवटचं टोक हाती आलं तेव्हा दोघींच्या पाठी धरल्या होत्या.

थाळीवालीने जुड्या मोजल्या. दोनदा मोजल्या.

"एकशेअठरा जुड्या. पाचशे नव्वद."

"आम्ही तीनशे सांगितली होती."

"हो." ती कागदावर भरभर आकडे मांडत होती. मग पेन थांबलं. "पाण्यातला आकडा आणि हा आता जुळतात. गंमत बघा, गणित असं बसतंय की पाच गाठींमागे एक पिंजरा. जेवढ्या जुड्या तेवढे पिंजरे."

"म्हणजे एकशेअठरा."

"एकशेअठरा."

होडी वाऱ्याने हळूहळू फिरत होती. एकशेसतरा आणि एकशेअठरा राहतील. एकोणीस आणि वीस जातील.

"वहिनी," थाळीवाली खालच्या आवाजात म्हणाली, "नीट आठवून बघा. एखादं पोतं दुसऱ्याने फोडलं असेल, दोरा हरवला असेल. तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. हे दान होतं की सापळा? आता वाढवून सांगितलं तर ही म्हणेल, आधीचंही असंच असणार. मग पाचशे नव्वदही खोट्या आणि आपणही खोट्या.

"आहेत त्या आहेत," ती म्हणाली आणि वल्हं पाण्यात घातलं.

*

पत्र दीड महिन्याने आलं. सोसायटीच्या पत्र्याखाली लावलं गेलं. एकशेअठरा पिंजरे, प्रत्येकात पंचवीसशे मासे, पंचाहत्तर पोती, दर महिन्याला कचेरीचं माणूस पोती मोजणार. ह्या खेपेला दंड नाही. खाली बारीक अक्षरात होतं: 'एका पिंजरेवाल्याकडील नोंदीवरून.'

जवळजवळ सगळे पिंजरे वाचल्याचा आनंद कुणी केला नाही. सगळे त्या एका ओळीपाशी अडकले.

"नोंद ठेवणारं आपल्यात आहे कोण?" चेअरमन एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "इथे सही करताना पेन मोडतं लोकांचं."

"पंचावन्न नंबरवाल्याची पोरगी शाळेत जाते," कुणीतरी म्हणालं.

"तुझी नाही का जात?"

त्या दिवसापासून धक्क्यावर लोक एकमेकांकडे पाठ करून जाळी धुवायला लागले. वहिनीच्या घरावर मात्र कुणाची नजर गेली नाही. ज्यांचे स्वतःचेच दोन गेले, ते कशाला सांगतील? उलट बायका येऊन हळहळून जायच्या. चेअरमनही आला. "दोन राहिले हे नशीब समज," म्हणाला, आणि जाताना कोनाड्याकडे त्याची नजर गेली. कोनाडा रिकामा होता, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

एकशेएकोणीस आणि वीसच्या चौकटी ओढून काठावर आणल्या. त्यांच्या पिंपांवर आता बगळे बसायचे. नवऱ्याचा हात गळ्यातून सुटला होता, पण तो वहिनीशी कामापुरतंच बोलायचा. गुंडा कुठे गेला, हे त्याने एकदाही विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र खड्डा स्वतः उकरवून घेतला आणि सतरंजी धुऊन पुन्हा बूड टेकलं. "आता पोती सरकारच मोजणार," त्या म्हणाल्या, "मग लपवायचं काय?"

नव्या हंगामाची बोटुकली आली. पहिलं पोतं वहिनीने धक्क्यावर उभं केलं, तोंडाशी चाचपून टोक शोधलं आणि ओढलं. सर्रकन दोरा निघाला. तो हातात घेऊन ती उभी राहिली. जोडायला मागचं काहीच नव्हतं.

नवरा मागून आला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. हात गळ्यात बांधला होता तो दोरा. आठपदरी, मळलेला, मानेच्या घामाने पिवळा पडलेला. त्याने पीळ सोडून तो सरळ केला होता.

"खिळ्याला होता," तो म्हणाला. "कालच उकलला."

वहिनीने दोरा घेतला. तो लांबच लांब होता, हाताच्या वेढ्यात मावेना. तिच्या बोटांना पहिली गाठ लागली. मग दुसरी. मग ती जागच्या जागी थांबली.

"दहा आहेत," नवरा म्हणाला. "मी मोजल्या."

पाण्यावर एकशेसतरा आणि अठरा शेजारी शेजारी हलत होते. त्यांच्या पलीकडे पाणी मोकळं होतं. त्या दिवशी घाईत गुंड्याचाच तोडलेला दोरा: दहा गाठी, दोन जुड्या. एक हातसुद्धा तोडलेला नाही, असं ती म्हणाली होती. नीट आठवून बघा, असं ती मुलगी म्हणाली होती.

"अहो," ती म्हणाली.

नवऱ्याने नव्या दोऱ्याचं टोक उचललं, जुन्याच्या टोकाला लावलं आणि दोन्ही तिच्यापुढे धरली.

"मार," तो म्हणाला. "घट्ट मार."

तिने गाठ मारली. अकरावी.